दुहेरी टाक्याची अळी

३ ऑगस्ट

व्याहीबुवा यांस,

नमस्कार. विनंती काही नाही, तक्रारच विशेष आहे.

फोनच करणार होते. पण लेकीच्या लग्नात जेवणाच्या टेबलावर तुम्ही पतंगांबद्दल बोलायला लागलात तेव्हा मी पहिला घास घेतला होता, आणि थांबलात तेव्हा हात पार वाळले होते, हे मी विसरलेले नाही. बोललात तेही त्यांच्या कुठल्या अवयवांबद्दल! माझी दोन जुनी गिऱ्हाइकं त्या दिवसापासून माझ्याकडे जरा जपूनच बघतात. म्हणून पत्र. पत्राला शेवट असतो.

तर आमचं दुकान तुम्ही पाहिलेलं नाही. पुढे माझं रफूचं टेबल, मध्ये ह्यांची इस्त्री, मागे हातभर अंगण आणि अंगणाच्या भिंतीवर मधुमालती. त्या वेलीची पानं महिनाभर कुणीतरी गुंडाळून ठेवतंय. बोटाएवढ्या सुरळ्या. मला वाटलं शेजारची पोरं. काल एक सुरळी सोडवली तर आतून हिरवी अळी मागच्या मागे सुसाट पळाली, पानावरून खाली पडली आणि धाग्याला लटकून राहिली. विहिरीत बादली सोडावी तशी.

मला अळीचं भय नाही. भय आहे ते तिच्या मोठेपणाचं. म्हणजे ती मोठी होऊन पतंग झाली की. माझ्या कपाटात आत्ता अकरा लोकरी कपडे आहेत आणि त्यात न्यायाधीशबाईंचा काळा कोट आहे. त्या कोटाला कसर लागली तर मला दुकान बंद करून तुमच्याकडे राहायला यावं लागेल. तेव्हा औषध कळवा. जावई म्हणाले, "बाबांना विचारा." लेक म्हणाली, "आई, नको विचारूस." मी जावयाचं ऐकते आहे, याची नोंद घ्यावी.

आपली,
विहीण

*

९ ऑगस्ट

आदरणीय विहीणबाई,

तीन वर्षांनी आपलं पत्र आलं, अत्यंत आनंद झाला. लग्नातल्या प्रसंगाबद्दल माझा मुलगाही अधूनमधून मला आठवण करून देत असतो.

प्रथम आपल्या अकरा कपड्यांना अभय देतो. लोकर खाणारी कसर वेगळ्या घराण्यातली. आपल्याकडे आहे ती पानगुंडाळी. तिची अळी फक्त पान खाते, आणि तिचा पतंग झाल्यावर तो जवळजवळ काहीच खात नाही. आठवडाभर जगतो, लग्न करतो, मरतो. न्यायाधीशबाईंच्या कोटाकडे तो ढुंकूनही पाहणार नाही.

आता त्या अवयवांविषयी, कारण गैरसमज राहू नये. पानगुंडाळीच्या शेकडो प्रजाती आहेत. सगळ्या नखाएवढ्या, सगळ्या तपकिरी, पंख मिटून बसल्या की सगळ्या छोट्या घंटेसारख्या दिसतात. वरून पाहून कोण कोणती ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पण प्रत्येक प्रजातीच्या नराचा आणि मादीचा तो भाग कुलूप-किल्लीसारखा वेगळा असतो. तो भिंगाखाली पाहिला की ओळख पटते. यात अश्लील काहीच नाही. मी छत्तीस वर्षं संग्रहालयाच्या कीटक विभागात हेच करत होतो आणि माझी रीतसर पेन्शन चालू आहे.

औषध मारू नये ही विनंती. एक-दोन सुरळ्या अळीसकट काडेपेटीत घालून पाठवाव्यात. माझं केवळ कुतूहल, दुसरं काही नाही.

आपला,
व्याही

*

१४ ऑगस्ट

व्याहीबुवा,

सोबत सुरळी पाठवते आहे. एकच पाठवते, आणि तीही ह्यांनी चेपून टाकली आहे.

आधी सांगते, माझा यात दोष नाही. मी सुरळी सोडवून बघत होते, टाके कसे घातलेत ते. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मी पान टेबलावर ठेवलं. आमचे हे कमी बोलतात आणि टेबलावर चुरगळलेलं काही दिसलं की इस्त्री फिरवतात. परत येऊन बघते तर पान सपाट. ह्यांना विचारलं, "हे काय केलंत?" म्हणाले, "नीट पाठव." तेव्हा नीट पाठवते आहे.

पण व्याहीबुवा, टाके मात्र मी पाहून घेतले. तुमची अळी पान नुसतं गुंडाळत नाही हो. आधी पानाची कड आत दुमडते, आपण पायजम्याची पट्टी दुमडतो ना, तशी. ती दुमड धाग्यांनी पक्की करते. मग गुंडाळायला घेते. आणि टाके एकेक नाहीत, जोडीने आहेत. दोन जवळजवळ, मग जागा सोडून पुन्हा दोन. मी माझ्या सासूबाईंच्या हाताखाली शिकले, त्या असे टाके फक्त जड कापडाला घालायला लावायच्या. ह्या बयेला कुणी शिकवलं?

आपली,
विहीण

*

१९ ऑगस्ट

आदरणीय विहीणबाई,

पान मिळालं. फार सुरेख इस्त्री आहे. अळीही मिळाली. तिलाही सुरेख इस्त्री आहे.

तरीही आपल्या पत्रातला शेवटचा परिच्छेद मी आठ वेळा वाचला. कृपा करून मला नक्की सांगा: कड आत दुमडलेली होती, याची खात्री? टाके जोडीनेच? एकाच सुरळीत, की सगळ्या सुरळ्यांत? मधुमालतीवर नेहमी जी पानगुंडाळी येते ती साधी सुरळी करते. पट्टी दुमडत नाही. हे केवळ शास्त्रीय टिपणासाठी विचारतो आहे, माझा वैयक्तिक संबंध काही नाही.

आपल्याला सवड असेल तर काही अळ्या बरण्यांत वाढवून पाहाल का? बरणीच्या तोंडाला पातळ कापड, रोज ताजं पान, ऊन नको. अळी त्याच सुरळीत कोष करते. आठ-दहा दिवसांनी कोषाची रिकामी साल सुरळीच्या तोंडातून अर्धी बाहेर डोकावलेली दिसली की समजावं, पतंग निघाला. इस्त्री शक्यतो दूर ठेवावी.

आपला,
व्याही

*

२ सप्टेंबर

व्याहीबुवा,

नऊ बरण्या मांडल्या आहेत. ह्यांना ताकीद दिली आहे. हे बरण्यांकडे पाठ करून इस्त्री करतात, म्हणजे मोह नको.

होय, बरण्यांतल्या सगळ्या सुरळ्यांना पट्टी आहे. सगळीकडे टाके जोडीने. दोन-तीन सुरळ्या वेलीवरच्या वेगळ्या होत्या, आळशी हाताच्या, साध्या गुंडाळलेल्या. त्या मी बाजूला काढल्या. चांगलं काम आणि भिकार काम मला लांबून ओळखू येतं.

एक गोष्ट मला फार आवडली. अळी आपल्या घरात घाण ठेवत नाही. शेपटाशी बारीक कंगव्यासारखं काहीतरी आहे, त्याने लेंडी अशी उडवते की बरणीच्या काचेवर टक्कन आवाज येतो. हे माझ्या भावाला दाखवायला हवं होतं. पंचावन्न वर्षांचा आहे, अजून ओला टॉवेल पलंगावर टाकतो.

आणि आता गोड बातमी. तीन बरण्यांतून तुमचे पतंग निघाले! फार देखणे. काळेभोर, कंबर अशी बारीक की मुठीत मावेल, आणि लांब मिशा सारख्या हलवत असतात. तुम्ही म्हणाला होता तपकिरी आणि घंटेसारखे. तुम्ही इतकी वर्षं नीट पाहिलं नसेल, किंवा माझ्याकडचं अन्न चांगलं असेल.

धंदा सध्या जरा थंड आहे. ऋतूच तसा.

आपली,
विहीण

*

७ सप्टेंबर

आदरणीय विहीणबाई,

ते पतंग नाहीत.

सांगताना मलाच वाईट वाटतं आहे. त्या बारीक गांधीलमाश्या आहेत. त्यांची आई सुरळीत नळी खुपसून अळीच्या अंगावर किंवा अंगात अंडं घालते. पिल्लू अळीला खात खात वाढतं आणि अळीच्या जागी गांधीलमाशी बाहेर येते. आपण तीन अळ्यांना ताजी पानं घालून तीन गांधीलमाश्या वाढवल्यात. असं होतंच, निम्म्या बरण्यांतही होऊ शकतं. माझ्या बाबतीत तर आयुष्यभर झालं आहे.

आता एक गोष्ट आपल्यापासून लपवणं बरं नाही. आधी 'केवळ कुतूहल' आणि मग 'वैयक्तिक संबंध काही नाही' असं मी लिहिलं, ते दोन्ही वेळा खोटं होतं.

एकतीस वर्षांपूर्वी मला एका दिव्याखाली दोन नर पतंग मिळाले. मी त्यातल्या एकाचे अवयव पाहिले, नेहमीच्या पानगुंडाळीपेक्षा ते वेगळे दिसले, आणि मी नवी प्रजाती जाहीर केली. आयुष्यातली माझी एकमेव प्रजाती. मादी कधी मिळाली नाही, अळी काय खाते ते कळलं नाही. दोन नरांपैकी एक संग्रहालयातल्याच किड्यांनी खाल्ला. दुसऱ्याचा तो भाग भिंगाखाली पाहण्यासाठी ज्या काचपट्टीवर बसवला होता, ती कपाटं हलवताना हरवली. आता माझाच विद्यार्थी विभागप्रमुख आहे. हुशार आहे, मीच शिकवलाय. त्याचं म्हणणं, माझी प्रजाती आणि नेहमीची पानगुंडाळी एकच. ऑक्टोबरअखेर नवी सूची छापली जाईल आणि त्यात माझ्या प्रजातीवर रेघ मारलेली असेल.

आपली पट्टी दुमडणारी अळी वाचली आणि मला वाटलं, हीच ती. एवढंच. मुलाला यातलं काही सांगू नका. तो म्हणेल, "बाबा, आता तरी सोडा."

आपला,
व्याही

*

२१ सप्टेंबर

व्याहीबुवा,

एवढं मोठं दुखणं आणि मला म्हणे 'शास्त्रीय टिपण'! आपण नातेवाईक आहोत की संग्रहालयाचे पाहुणे?

बरं, मग माझंही ऐका. 'ऋतूच तसा' हेही खोटंच होतं. समोरच्या न्हाव्याने मला बरण्यांवर कापड बांधताना पाहिलं आणि खुर्चीत बसेल त्याच्या कानात सांगायला लागला, "रफूवालीकडे कसर पाळतात. आधी भोक पाडायचं, मग रफूचे पैसे." दाढीला बसलेला माणूस, गळ्याशी वस्तरा, तो काय वाद घालणार? अकरापैकी सात कपडे लोक परत घेऊन गेले. रफू न करता! मी तुम्हाला कळवलं नाही, कारण तुम्ही बरण्या बंद करा म्हणाला असता.

तर बाराव्या तारखेला एका बरणीतून खरीखुरी निघाली. तपकिरी, घंटेसारखी, पंखांवर तिरका गडद पट्टा. पोट फुगीर होतं म्हणून मला वाटलं, बाई असावी. तुम्ही म्हणता ते मी बघितलं नाही. तिला हवा लागावी म्हणून दोन चहाच्या गाळण्या एकमेकींवर बांधून त्यांत बसवलं आणि गाळण्या मागच्या दाराला टांगल्या. दिवेलागणीला न्यायाधीशबाई कोट न्यायला आल्या. त्या कोट अंगावर घालून आरशासमोर उभ्या, आणि मागच्या दारातून एक, दोन, तीन, सात पतंग! सरळ गाळणीकडे. वाटेत बाईंच्या डोक्याला प्रदक्षिणा. दोघे कोटाच्या कॉलरवर बसले. बाई अशा किंचाळल्या की ह्यांनी वीस वर्षांत प्रथम इस्त्री अर्ध्यावर सोडली. समोरून न्हावी धावत आला, हातात वस्तरा, मागे अर्ध्या दाढीचा माणूस. "बघा!" म्हणतो, "मी सांगत नव्हतो?"

बाईंनी विचारलं, "हे इथे कशाला आलेत?"

मी म्हटलं, "नवरी बघायला."

व्याहीबुवा, मग माझंच डोकं फिरलं. मी माझी स्वतःची लोकरी शाल काढली, दर्शनी काचेच्या कपाटात पसरली, तिच्यावर ती मादी, चार नर आणि वेलीच्या फांदीसकट सहा अळ्या सोडल्या आणि कपाटाला कुलूप लावलं. किल्ली बाईंच्या हातात दिली. बाहेर पाटी लावली: 'शंका असेल त्यांनी रोज येऊन भोकं मोजावीत.' सात दिवस अर्धी गल्ली काचेला नाक लावून उभी. न्हावी तर दाढीचा गोल आरसा घेऊन यायचा, त्यात मोठं दिसतं म्हणून. सातव्या दिवशी बाईंनी कुलूप काढलं, शाल उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली. मग म्हणाल्या, "आरोपींविरुद्ध काहीही पुरावा नाही. तक्रारदाराने आपली दाढी करावी."

सातच्या सात कपडे परत आले. वर आणखी पाच. लोकांना कपाट बघायचं असतं, रिकाम्या हाताने कसं यायचं?

मादीने काचेवर अंडी घातली आहेत, चपटी, एकावर एक चढलेली, माशाच्या खवल्यांसारखी. मग ती मेली. पार्सलमध्ये ती, सहा नर आणि पट्टीवाल्या तीन सुरळ्या पाठवते आहे. शिवाय आळशी हाताच्या दोन सुरळ्यांतून निघालेले दोघे वेगळ्या डबीत. इस्त्री केलेली नाही. हे स्वतः पोस्टात जाऊन आले.

आता त्या विद्यार्थ्याला दाखवा, बघ म्हणावं.

आपली,
विहीण

*

९ ऑक्टोबर

व्याहीबुवा,

पार्सलची पोच नाही. अठरा दिवस झाले. पोस्टातल्या बाई म्हणतात पोहोचलं, सही आहे. लेकीला आडून विचारलं तर म्हणाली, "सासरे फोन उचलतात, बरा आहे म्हणतात आणि ठेवतात." तुम्ही, आणि फोन लगेच ठेवता? मला काळजी वाटते आहे.

काही वाईट असेल तर तेही लिहा. आमच्याकडे भोकं पडलेलीच वस्त्रं येतात, आम्ही दचकत नाही.

आपली,
विहीण

*

१५ ऑक्टोबर

आदरणीय विहीणबाई,

उशिराबद्दल क्षमा असावी. चार वेळा पत्र लिहायला बसलो.

पार्सल घेऊन मी संग्रहालयात गेलो. विभागप्रमुखाने मला माझ्या जुन्या टेबलाशी बसवलं, स्वतः चहा आणला. आम्ही दोघांनी आपले नर उघडले, मादी उघडली, आळशी डबीतले दोघेही उघडले. आळशी डबीतले नेहमीच्या पानगुंडाळीचे निघाले. आपले पट्टीवाले स्पष्ट वेगळे. किल्ली वेगळी, कुलूप वेगळं. मी उठून उभाच राहिलो. तो मात्र बसून होता. मग म्हणाला, "सर, मला महिन्यापूर्वी तुमची हरवलेली काचपट्टी सापडली. कसं सांगायचं कळत नव्हतं."

एका खणात, चुकीच्या चिठ्ठीखाली. चिठ्ठी माझ्याच अक्षरात.

मी ती भिंगाखाली घेतली. विहीणबाई, तो माझा पतंग नेहमीचाच आहे. एकतीस वर्षांपूर्वी मी वरची काच बसवताना जास्त दाबली. त्यामुळे तो भाग वाकला, आणि तो बाक मला नवी प्रजाती वाटला. तो बाक पतंगाचा नव्हता. माझ्या अंगठ्याचा होता. एकतीस वर्षं मी जगाला माझा अंगठा दाखवत होतो.

म्हणजे माझी प्रजाती कधी नव्हतीच. आपली आहे. अगदी नवी, कुणीही न पाहिलेली. पण ती माझी नव्हे.

तो म्हणाला, "सूचीत मी फक्त एक बारीक टीप घालतो, सर. कुणाच्या लक्षात येणार नाही." मी म्हटलं, कागद आण. माझी प्रजाती रद्द करण्याचं टिपण मी स्वतः लिहिलं, अंगठ्यासकट. अर्ध्या पानाचं झालं. इतकं आटोपशीर मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही. घरी आल्यावर तीन-चार दिवस कुणाशी बोलावंसं वाटलं नाही, एवढंच. बाकी बरा आहे.

नव्या प्रजातीचं वर्णन आम्ही दोघं मिळून लिहिणार आहोत. तिला नाव द्यायचं आहे. शोध आपला, तेव्हा आपलं नाव द्यावं असं आमचं दोघांचं मत आहे. परवानगी असावी.

आपला,
व्याही

*

२० ऑक्टोबर

व्याहीबुवा,

तुमचं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. अंगठ्यापाशी आल्यावर मला हसू आलं, ते तुमच्यापासून लपवत नाही. मग हसू थांबलं.

आमच्या धंद्यातलं सांगते. रफू चुकलं तर बाहेरून कळत नाही. गिऱ्हाईक खूश होऊन घेऊन जातं. पण ज्याने घातलं त्याला कळतं. तेव्हा रफूगार दोन प्रकारचे. एक म्हणतो, कोण बघतंय. दुसरा गिऱ्हाइकाच्या मागे धावत जाऊन कपडा परत आणतो आणि स्वतःच्या हाताने उसवतो. हे म्हणाले, "व्याही दुसऱ्या प्रकारचे." आख्ख्या महिन्यात ह्यांनी काढलेलं सगळ्यात लांब वाक्य आहे, तेव्हा जपून ठेवा.

नावाचं मात्र जमायचं नाही. माझं नाव मुळीच देऊ नका. मला मान कळत नाही असं नाही. पण तुम्हीच लिहिलंत की ओळख पटवायला काय बघावं लागतं. उद्या कुठकुठली माणसं माझं नाव घेऊन भिंग लावून बसणार आणि म्हणणार, "हिचं नीट दिसत नाही, दुसरी उघडा." माझ्या सासूबाई वरून बघत असतील.

त्यापेक्षा तुमच्या त्या विभागप्रमुखाचं नाव द्या. महिनाभर काचपट्टी खिशात घालून बसला, त्याला हे शोभेल.

आणि नुसत्या बरण्यांच्या गोष्टी किती लिहिणार? अंडी फुटली आहेत. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या अळ्या आता मोठ्या झाल्यात आणि सुरळ्या करायला लागल्यात. गुरुवारी दुकान बंद असतं. या. तुम्हाला वेलीसमोर स्टूल मांडून देते.

आपली,
विहीण

*

५ नोव्हेंबर

विहीणबाई,

सुखरूप पोहोचलो. शेवटची बस चुकवल्याबद्दल आणि तुमच्या भावाला त्याच्या पलंगावरून उठवल्याबद्दल पुन्हा एकदा दिलगीर आहे. त्याचा टॉवेल खरोखर ओला होता.

नावाची सूचना विभागप्रमुखाला कळवली. तो इतका भारावला की पुन्हा स्वतः चहा घेऊन आला. सूचनेमागचं कारण सांगायचं मी टाळलं.

एक गोष्ट तिथे बोललो नाही, ती लिहितो. छत्तीस वर्षांत मी चाळीस हजार पतंग टाचणीला लावले असतील. सगळे मेलेले. जिवंत पानगुंडाळीला सुरळी करताना मी कधीही पाहिलं नव्हतं. तसं कामच नव्हतं माझं. आपल्याकडे त्या स्टुलावर बसलो आणि ती अळी पानाच्या कडेशी आली. तिने डोकं डावीकडे टेकवलं, उजवीकडे टेकवलं. एक धागा. पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. मी शंभरापर्यंत मोजलं. काहीच होत नव्हतं. मग धागे आवळले आणि पानाची कड, एवढी जाड कड, हळूच उठली. कुणी बोलावल्यासारखी. ती पट्टी पूर्ण दुमडायला तिला पावणेदोन तास लागले. तुम्ही मध्ये दोनदा जेवायला बोलावलंत असं नंतर कळलं. मला ऐकू आलं नव्हतं.

तुम्ही बाहेर आलात तेव्हा माझे डोळे ओले दिसले असतील. दुकानात इस्त्रीची वाफ फार होती, ती सरळ अंगणात येत होती. गैरसमज नसावा.

आपला,
व्याही

*

९ नोव्हेंबर

व्याहीबुवा,

इस्त्री गुरुवारी बंद असते. त्या दिवशी तर हे सकाळपासून तिची वायर दुरुस्त करायला घेऊन बसले होते.

पण तुम्ही म्हणता तर वाफच असेल.

हे विचारतात, पुढच्या गुरुवारी येणार का. वेलीच्या डाव्या बाजूला चार नव्या अळ्या कडेशी आल्या आहेत आणि ह्यांनी तुमच्या स्टुलाशेजारी आणखी एक स्टूल मांडून ठेवलंय. मला वाटलं माझ्यासाठी. तर स्वतःच जाऊन बसले.

आपली,
विहीण